टाकीच्या बदल्यात रोल

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी आयुष्यातला सर्वांत चांगला सौदा केला, असं मी बरीच वर्षं सांगत होतो. आता सांगत नाही.

माझा फोटो स्टुडिओ जुन्या शहरात, गुलमंडीजवळ. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढल्यावर भरपूर पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर पुढे डाग पडतात. शेजारची बाई गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "लोकायला प्यायला पाणी नाय अन् ह्यांचे फोटो आंघोळी करतेत!" मी भांडायचो. भांडून पाणी येत नाही.

तेवढ्यात डिजिटल कॅमेरे आले आणि थंडीत टिकावेत म्हणून घरच्या फ्रिजमध्ये भरून ठेवलेले माझे कोरे रोल तसेच पडून राहिले. मला रोल पुरवणारा घाऊक व्यापारी दुकानात येऊन बसला. "रोल का जमाना गया, उस्ताद. सडून जातील. माझ्याकडं नवी टाकी हाय. ती घ्या अन् फ्रिज रिकामा करा."

मी दोन चहा होईपर्यंत अडून राहिलो आणि टाकीबरोबर पितळी तोटी आणि गच्चीवर चढवायची हमालीही त्याच्याच गळ्यात मारली. तो सगळे रोल पिशव्यांत भरून घेऊन गेला. बायकोला भाजी ठेवायला जागा झाली.

पुढच्या वर्षांत शहर पसरत गेलं आणि वाळूजच्या कंपन्यांतले तरुण इंजिनिअर आजोबांचे कॅमेरे घेऊन, रोलवर फोटो काढायला शिकायला माझ्या दारात यायला लागले. रविवारी डार्करूम भरायची. पासपोर्ट फोटो काढून काढून कंटाळलेल्या मला पुन्हा कोणीतरी 'सर' म्हणत होतं. पण रोल मिळेनात. कंपन्या कधी बनवतात, कधी थांबवतात. मागवलेला येईलच असं नाही. दोन रविवार आम्ही नुसता चहा पीत बसलो. तिसऱ्या रविवारी कोणी येणार नाही, हे दिसत होतं.

म्हणून त्या व्यापाऱ्याकडे गेलो. तो आता शहराच्या कडेला, सातारा परिसरात नव्या बंगल्यात राहतो. त्याने फ्रिज उघडला. आत माझेच रोल होते, डब्यांवर माझ्याच अक्षरात मुदतीचा महिना.

"सडतील म्हणाला होतास ना?"

"तुमच्याकडं सडले असते. मी जपले."

मग मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. भाव ऐकून तर मी उठलोच. त्याने मला फाटकापर्यंत जाऊ दिलं, ही त्याची जुनी सवय. मग हाक मारली, "उस्ताद, ती टाकी हाय का अजून? इथं नळच नाय, सगळं टँकरवर. अन् तसली जाड टाकी आता बनत नाय."

टाकी गेली, रोल आले. हमाली मी पुन्हा त्याच्याच गळ्यात मारली आणि विजयी मुद्रेने घरी परतलो. रविवारी मंडळी आली, रोल हायपोतून निघाला, मी नळ सोडला. नळाने नुसती हवा सोडली.

आता दर रविवारी आम्ही हायपोतून काढलेले रोल डब्यांत घेऊन मोटारसायकलींवर त्याच्या बंगल्यावर जातो आणि माझ्याच टाकीच्या, मीच भांडून मिळवलेल्या तोटीखाली रोल धुतो. तो खुर्ची टाकून बसतो. "बारीक सोडा, उस्ताद. टँकरचं हाय."

मी बारीक सोडतो. माझ्या फ्रिजमधला शेवटचा रोल संपेपर्यंत मला पाण्यासाठी त्याच्याशी गोड बोलावं लागणार, आणि त्यानंतर नव्या रोलांसाठी; ते कधी येतील हे त्यालाही माहीत नाही.