डाबच्या पहाटेचा धूर

तुमच्या बाबांनी तिसऱ्या वर्षीही तेच विचारलं आणि मी तिसऱ्या वर्षीही थंडीचं कारण पुढे केलं. तुमच्या घरात खालच्या मजल्यावर माझ्यासाठी खोली तयार आहे, कागदपत्रं भरायची तेवढी बाकी आहेत, हे मला माहीत होतं. तुमच्याकडे कायमचं राहायला यायचं की नाही, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, "तिकडचा बर्फ मला सोसायचा नाही रे." तेव्हा तुमच्यातली धाकटी फोनच्या पडद्यात नाक घालून म्हणाली, "पण आजी, तू बर्फ पाहिला आहेस का कधी?"

फ्रिजमधला सोडून नव्हता पाहिला. हायस्कुलात इंग्रजी शिकवताना धड्यांमध्ये पुष्कळ बर्फ पडायचा, तेवढीच माझी ओळख. न तपासलेलं उत्तर मी वर्गात कधी चालवून घेतलं नाही, मग स्वतःचं कसं चालवणार? तुमच्या बाबांकडून मी संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतली. वहीचं नवं पान उघडून वर लिहिलं, "थंडीची परीक्षा." खाली एसटीच्या वेळा लिहिल्या, सामानाची यादी केली: दोन शाली, लोकरीचे मोजे एक जोड, थर्मास, बॅटरी, गुडघ्याचे पट्टे, झाकणाचा स्टीलचा डबा.

आपल्या जिल्ह्यात, सातपुड्यावर डाब नावाचं गाव आहे. पौषात तिथे पहाटे गवतावरचं दव गोठतं. ऊन पडलं की संपलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे अंगणवाडीत काम करते. तिने कळवलं, "मॅडम, संध्याकाळीच या आणि राहा. सकाळच्या गाडीने आलात तर नुसतं ओलं गवत बघाल."

निघायच्या दिवशी पाहते तर तुमची मोठी आजी, म्हणजे माझी थोरली जाऊ, पिशवी घेऊन ओट्यावर बसलेली. तुमचे आजोबा गेले, त्याआधी मोठे आजोबा गेले. तेव्हापासून तापीकाठच्या या घरात आम्ही दोघीच. ती अहिराणीत बोलते, मी मराठीत उत्तर देते, आणि दोघींना वाटतं दुसरीचंच जरा चुकतं.

"तुम्ही कुठे, मोठ्याबाई?"

"तू परीक्षा देवाले चालनी ना? मंग कोणी बठेल पाहिजे ना दखाले."

प्रकाशा गावाच्या थांब्यावर गाडी आली तेव्हा तापीवर अजून धुकं होतं. पूल सुरू झालेला दिसायचा, संपलेला दिसायचा नाही. तळोद्याला गाडी बदलली, अक्कलकुव्याला पुन्हा बदलली. कंडक्टरला मोठ्याबाईंनी पंचाहत्तरीचं कार्ड दाखवलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सरकारनी माले फुकट करी टाकं, भाऊ. हाई मास्तरीणबाई अजून पिकनी नही, तिले अर्धं फाड." मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. त्यांच्या टोपल्यांमधल्या कोंबड्याही जाग्या झाल्या.

मग देवगोई घाट लागला. खाली कापसाची शेतं विरत गेली, ऊस विरत गेला. एका वळणावर ऊन असायचं आणि पुढच्यावर सावली, आणि सावलीत शिरलं की खिडकीची काच बोटाला गार लागायची. मला वाटत राहिलं की गाडी वर जात नाहीये, कुठल्या तरी जुन्या महिन्यात मागे चालली आहे. मोठ्याबाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या. डाबच्या फाट्यावर उतरलो आणि दाटीवाटीने भरलेल्या जीपमधून दिवस मावळायच्या सुमाराला पोचलो.

विद्यार्थिनीचं घर उतारावर होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, मधोमध विस्तव. खाली स्ट्रॉबेरीचा लहानसा तुकडा आणि त्याच्याही खाली गवताची खोलगट जागा. "तिथेच बर्फ पडतो, मॅडम," ती म्हणाली. "आमच्याकडे काचेसारखा म्हणतात." तिच्या सासूबाईंनी आमच्या खाटा विस्तवालगत टाकल्या. त्या भिलीत काहीतरी बोलल्या, मोठ्याबाई अहिराणीत काहीतरी बोलल्या, आणि दोघींचं छान जमलं. मी घड्याळाला गजर लावला, मोजे घातले आणि झोपले.

गजर झाला तेव्हा शेजारची खाट रिकामी होती.

मी ठरल्याप्रमाणे तोंड धुतलं, शाल घेतली, वही घेतली. बाहेर पडताना गारवा गालाला लागला, तो चापटीसारखा. वर तारे होते, पूर्वेला करडी रेघ उमटली होती. मी उतारावर पाहिलं आणि मला काहीच दिसलं नाही. खाली नुसता धूर होता, जाड आणि पांढरा. जमिनीला धरून तो हळूहळू खोलगटात उतरत होता. शेताच्या तीन बांधांवर तीन ढीग धुमसत होते, आणि मधून तुमची मोठी आजी पदर खोचून, अनवाणी, हातात ओल्या गवताची पेंढी घेऊन धावत होती.

तुम्हाला हे समजायचं नाही, म्हणून सांगते. आपल्या केळीच्या बागेत थंडीची लाट आली की असंच करतात. पहाटे बांधावर काडीकचरा पेटवायचा, वर ओलं टाकायचं, म्हणजे जाळ होत नाही, धूर होतो आणि बागेवर पांघरुणासारखा बसतो. नाहीतर पानं करपतात. मोठ्याबाईंनी जन्मभर हे केलंय. त्यांनी पहाटे दार उघडलं, शेत पांढरं दिसलं, आणि लोकांचं पीक जातंय म्हणून त्या कामाला लागल्या.

विद्यार्थिनी धावत आली आणि पोट धरून हसायलाच लागली. "मोठ्या आजी, आम्ही रोपांवर संध्याकाळीच पेंढा घालतो! बर्फ पेंढ्यावर पडतो, खाली रोप मजेत असतं!"

"मंग माले सांगाले नको का तुम्ही?" मोठ्याबाई धापा टाकत म्हणाल्या.

सगळे हसले. मी नाही हसले. धूर पांगेपर्यंत डोंगराच्या कडेवरून ऊन आलं आणि गवताच्या टोकांवर साधे ओले थेंब राहिले. मी खोलगटात उतरले, एक दगड उलटून पाहिला, पेंढ्याखाली हात घालून पाहिला. मग वर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "मोठ्याबाई, हे मुद्दाम केलंत तुम्ही."

"कसाले करसू मी मुद्दाम?"

"मला बर्फ दिसू नये म्हणून. माझी परीक्षा होऊ नये म्हणून."

त्यांच्या हातातली पेंढी खाली पडली. विद्यार्थिनी हसायची थांबली. मोठ्याबाई वळल्या. घरात गेल्या, पाय पुसले, पिशवी भरली.

उतरताना गाडीत त्यांनी मला खिडकी दिली आणि स्वतः कडेला बसल्या. वाटेत शेजारच्या बाईने विचारलं, "आजी, कोठल्या तुम्ही?" त्यावर मोठ्याबाईंनी नुसता हात हलवून खालची दिशा दाखवली. घाट उलटा उलगडत होता, सावली, ऊन, सावली, आणि मी वहीचं पान उघडून बसले होते. निकालाची जागा कोरी होती. खरं सांगते, धूर पाहून मला राग आला, पण त्याच्याही आधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं होतं. परीक्षाच झाली नाही तर उत्तर द्यावं लागत नाही. हे मला त्या गाडीत, तळोद्याच्या अलीकडे कळलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

माझ्या यादीत परतीला उनपदेव होतं, शहाद्याजवळचं गरम पाण्याचं ठिकाण. मोठ्याबाईंच्या गुडघ्यांसाठी ते मीच घातलं होतं. ते रद्द करायचं कोण म्हणणार? शहाद्याहून पुढची गाडी धरली आणि चारच्या सुमारास पोचलो.

दगडी तोंडातून पाणी पडत होतं. हिवाळ्यात ते जास्तच वाफाळतं. दुपार कलली होती आणि त्या वाफेत सगळ्यांचे चेहरे येत होते, जात होते. बायकांसाठी आडोसा होता. मी मोजे काढून नीट घडी करून ठेवले. आम्ही कुंडाच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले. ऊब आधी घोट्यांत आली, मग पिंढऱ्यांत, मग कुठेतरी छातीत. समोरची पायरी दिसत नव्हती. शेजारी मोठ्याबाईंचा फक्त गुडघा दिसत होता आणि त्यावर त्यांचा हात.

मग त्या हाताने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. यादीतला, माझाच.

"ले. तुन्हा बर्फ."

मी झाकण उघडलं. तळाशी ओंजळभर पाणी होतं आणि त्यात गवताच्या चार काड्या.

"दार उघडं ते समदं पांढरं," त्या म्हणाल्या. "आधी मी तुन्हा डबा भरा. म्हटलं, सूर्य निंघाना ते हाई बाई कोठेन पाहशी. मंग मी धूर करा."

"मग तिथे सांगितलं का नाही मला?"

"तू माले बोलू कोठे दिनं, मास्तरीणबाई?"

वाफेत मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनाही माझा दिसला नसेल, ते बरंच झालं. मी म्हणाले, "चुकलं माझं, मोठ्याबाई."

"चुकनं ते चुकनं. पन एक आयक. तू काय केळीनं झाड शे का, मी धूर करीसन राखसू तुले? जावानं व्हई ते जाय. नही जावानं ते नको जाऊ. पन पोऱ्याले थंडीनं नाव सांगू नको, आनि मन्हं बी सांगू नको."

मी त्या पाण्यात बोट बुडवलं. आपल्या विहिरीच्या पाण्यासारखंच होतं. मग मला आठवलं की पहाटे मी त्या खोलगटात किती वेळ होते. दगड उलटत होते, मग वर येऊन भांडत होते. शाल केव्हाच खांद्यावरून पडलेली होती, मोजे ओले चिंब झाले होते, आणि एवढ्या वेळात मला थंडी वाजल्याचं लक्षातसुद्धा आलं नव्हतं. म्हणजे परीक्षा झाली होती. मी पास झाले होते.

डब्यातलं पाणी मी कुंडात ओतलं. कुठे गेलं ते दिसलंही नाही.

संक्रांतीला तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, ते तुम्हालाही माझ्या शब्दांत कळावं म्हणून हे लिहिते आहे. थंडी मला सोसते. मोठ्याबाई मला अडवत नाहीत. मला इथेच राहायचं आहे, कारण सकाळी उठून ओट्यावर आले की मी कोण आहे हे मला आठवावं लागत नाही. पण तुमच्याकडे मी दोन महिने येणार आहे, पुढच्या हिवाळ्यात, बर्फ असतानाच. तुमचे बाबा म्हणाले, "बरं, आई." तो सूर मी ओळखते. नापास झाल्याचा नव्हता तो, उत्तर आधीच ठाऊक असल्याचा होता. मला तो पुढचे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

फोन ठेवला तेव्हा मोठ्याबाई स्वयंपाकघराच्या दारात तिळाच्या पाकाने भरलेले हात घेऊन उभ्या होत्या.

"काय सांगं?"

"दोन महिने जाऊन येते म्हटलं."

त्या परत वळल्या, पातेल्यात उलथणं फिरवल्याचा आवाज आला. मग आतूनच म्हणाल्या, "मंग ते लोकरना मोजा माले दी टाक. मन्हा पाय गार पडतंस."

"मला लागतील ना तिकडे."

"दोनच महिना ते जाशी," त्या म्हणाल्या. "एक दे."