एकोणतिसात धरू नये

"बिटिया, मास्टरजी नहीं रहे." शेजारच्या तिवारीजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मास्टरजी म्हणजे माझे अण्णाकाका. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, सिविल लाइंसमधल्या दोन खोल्यांत एकटेच राहून लाकडी ठशांवरून चित्रं छापणारे. दीड महिना झाला. झाशीत माझ्याशी मराठी बोलणारं आता कुणीच उरलं नाही...

मागे काकांनी लक्ष्मी तालाचं, म्हणजे इथल्या तळ्याचं, चित्र कोरलं आणि त्याच्या एकोणतीस प्रती काढल्या. एकोणतीसच का? "तिसावा कागद फाटला. फाटका कागद चिकटवून तीस म्हणू होय?" प्रत्येक प्रतीवर क्रमांक, सही आणि सोबत हमीचा कागद. ते कागद लिहायला मला बसवलं. काका म्हणाले, "लिही, एकूण प्रती एकोणतीस." मी झोकात लिहिलं, ३१. मराठी मी घरात ऐकलेली, आकडे शाळेत हिंदीतून शिकलेले. माझ्या कानांना एकोणतीस म्हणजे इकतीसच वाटलं!

लक्षात येईपर्यंत सहा प्रती विकल्या गेल्या होत्या. चित्रावर २९, कागदावर ३१. बडा बाजारातल्या एका सराफांनी दुकानात सगळ्यांदेखत विचारलं, "दो कहाँ छुपा रखे हैं, मास्टरजी?" काका घरी आले आणि ताटावर बसलेच नाहीत. मी म्हटलं, "काका, मी पेनने सुधारून देते ना." तर भडकलेच. "खाडाखोडीच्या कागदावर तू तरी भरवसा ठेवशील का गं?" मग माझं तोंड बघून त्यांनाच हसू फुटलं. "इकतीस! धन्य आहेस बेबी!"

दुसऱ्या दिवशी ठसा पिशवीत घालून ते मला घेऊन त्याच दुकानात गेले. सराफांच्या समोर त्यांनी पटाशी काढली आणि तालावर आडव्यातिडव्या दोन रेघा खोल मारल्या, म्हणजे आता आणखी प्रत काढायची सोयच उरली नाही. एवढ्या मेहनतीनं कोरलेलं ते पाणी! सराफ ओशाळले. "अरे मास्टरजी, दो ही का तो फ़र्क था."

"फ़र्क दो का नहीं, ज़ुबान का है," काका म्हणाले.

ज़ुबान म्हणजे दिलेला शब्द, आणि ज़ुबान म्हणजे भाषाही. मला दोन्ही लागलं. पुढे काकांनी सहाही घरी जाऊन कागद बदलून दिले. उरलेल्या प्रतींना गिऱ्हाईक त्या सराफांनीच आणलं. मी एक मागितली तर काका म्हणाले, "सगळ्या बोलून ठेवल्यात गं." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

परवा एका दुकानदाराचा फोन आला. ठसा असेल तर दोन-चार प्रती काढून द्या, कुणाला कळणार? नाही म्हणून फोन ठेवला आणि ठसा बघायला काकांची ट्रंक उघडली. त्या रेघा तशाच होत्या. ठशाखाली एक छाप सापडली, रेघा मारल्यानंतर काढलेली. तालावर पांढरी फुली. मागे पेन्सिलीने लिहिलेलं, 'बेबीसाठी. एकोणतिसात धरू नये.'

मी फार रडले. आता ती माझ्या भिंतीवर आहे. घरात माझं मराठी ऐकायला कुणी नाही, तरी येता-जाता तिच्यापुढे उभी राहून मोठ्यांदा म्हणते, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस... आणि तिथेच थांबते.