देवळागणिक ब्रेक

ब्रेकचे पॅड नख लावून निवडायचे नसतात, हे मला ते निवडून, घरी आणून, गाडीला बसवून झाल्यावर कळलं.

दुकानात मात्र मी मोठ्या आत्मविश्वासानं नख लावलं होतं. भेंडीचं टोक मोडून बघतात, नारळ कानाशी हलवून बघतात, वांगं दाबून बघतात; माणूस जन्मभर जे करत आला तेच ऐनवेळी करतो. इलियासभाईंनी काउंटरवर तीन खोकी मांडली होती. पहिल्या पॅडवर नखाचा ओरखडा उठला. दुसऱ्यावर जरासा उठला. तिसऱ्यावर माझं नखच तुटलं.

"हेच द्या!" मी बोट तोंडात धरून म्हणालो.

"सर, भेंडी हाय का ती?" इलियासभाई म्हणाले. "हे निव्वळ ट्रॅकवाले हायेत. बेटीनं फोनवर मधले सांगितलेत ना?"

"ती लहान आहे हो. तिला काय कळतंय!"

(ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी धाराशिवच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि 'घर्षण' हा धडा दरवर्षी मुलांना तळहात एकमेकांवर चोळायला लावून शिकवतो. चोळले की हात गरम होतात, इथपर्यंतच माझी या विषयातली प्रगती आहे.)

त्याचं असं झालं होतं, की आमच्या ऋतुजाला पुण्याकडच्या एका ट्रॅकवर गाडी पळवायची होती. एका वेळी एकच गाडी आणि समोर घड्याळ, अशी स्पर्धा. आणि गाडी कुठली, तर आमचीच! जी आठवडाभर भाजी आणते, गॅसची टाकी आणते, सासूबाईंना दवाखान्यात नेते, तीच रविवारी शर्यतीत धावणार. तेव्हा ब्रेक असे हवेत, की जे दोन्हीकडं चालतील. ऋतुजानं मला फोनवर अगदी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं होतं, "पप्पा, साधे पॅड ट्रॅकवर फार तापले की सोडून देतात. आणि निव्वळ ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट धरतच नाहीत, रस्त्यावर कामाचे नाहीत. म्हणून मधले घ्या."

एवढ्या सगळ्यातलं मला 'सोडून देतात' एवढंच ऐकू आलं.

आता हसू येतं, पण तेव्हा मी खरंच विचारात पडलो होतो. ती सायकल शिकली तेव्हा मी मागं कॅरिअर धरून पळालो होतो. ट्रॅकवर ती वळण घेईल तेव्हा मी कठड्याबाहेर उभा असणार, हातात धरायला काहीच नसणार. फार तर पाण्याची बाटली. सोबत पाठवता येईल अशी माझी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे ब्रेक! आणि तसं बघितलं तर आम्ही बापमंडळी पोरींना जन्मभर दुसरं काय देत आलोय? 'पळव' म्हणणारा एखादाच; 'हळू', 'जपून', 'थांब' म्हणणारी सगळी गल्ली. इथं तर पोरगी स्वतःच्या तोंडानं ब्रेक मागत होती. म्हटलं, द्यायचेच तर सगळ्यात कडक देऊ.

पण खरी परवानगी माझ्या हातात नव्हतीच. ती मंगलच्या हातात होती. मंगल म्हणजे आमची मंडळी.

"गाडी घरची हाय," मंगल म्हणाली होती. "घरच्या माणसाला नीट नेत-आणत असंल तरच शर्यतीला देईन. या रविवारी माझ्या आईला घेऊन येरमाळ्याला देवीला जाऊन येऊ. आई एकदाबी घाबरली न्हाय, तर पुढच्या रविवारी ऋतुजा जाईल. घाबरली, तर विषय बंद!"

अट ऐकायला सोपी वाटेल. पण माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणतो, त्या उभ्या गाडीतसुद्धा वरची दांडी धरून बसतात. ईट या आपल्या गावाहून एसटीनं येताना त्या सगळी वाट डोळे मिटून असतात आणि कंडक्टर तिकीट मागायला आला की विचारतात, "आलं का धाराशिव?"

तर शनिवारी पॅड बसवून गाडी घरी आणली. दारात मंगलनं रांगोळी काढलेली. मी रांगोळीच्या अलीकडं ब्रेक दाबला, गाडी रांगोळीच्या पलीकडं थांबली. ब्रेक लागत नव्हते असं नाही. लागत होते, पण सरकारी कचेरीतल्या अर्जासारखे. अर्ज पोचला होता, विचार चालू होता! शिवाय थांबताना गाडी अशी किंचाळली की समोरच्या लिंबावरचे कावळे उठले.

मी तशीच गाडी तेरच्या रस्त्याला नेली. रिकाम्या रस्त्यावर पुन्हापुन्हा ब्रेक दाबून बघितला, आणि मला शोध लागला. चांगले तापले की हेच पॅड असे काही धरायचे, की माझा चष्मा नाकावरून उडून स्टिअरिंगवर बसायचा!

उलट्या पावली इलियासभाईंकडं गेलो.

"मधलं खोकं तर वापस गेलं सर, सोलापूरला. आता बुधवारी येतंय."

गॅरेजवाल्याकडं गेलो. जुने पॅड भंगारात गेले होते. रविवार दुसऱ्या दिवसावर आला होता. मंगलला खरं सांगावं, तर परीक्षेआधीच निकाल लागणार. मी शिक्षक माणूस. म्हटलं, गणित अवघड आहे, पण रीत सापडली आहे. पॅड गरम ठेवायचे, बस्स!

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, कॉलनीला चकरा मारून मी पॅड मस्त गरम करून आणले. दारात उभा राहून हाका मारल्या. तेव्हा मामींना आठवलं, की नैवेद्याच्या डब्यावर तुपाची वाटी राहिली. मग तुपाच्या वाटीवरचं झाकण राहिलं. मग चष्मा राहिला, तो डोळ्यांवरच सापडला. गाडी निघाली तेव्हा पॅड बर्फ झाले होते.

पुढं मंगल, मागं मामी आणि आदल्या रात्री पुण्याहून आलेली ऋतुजा. पहिल्याच कोपऱ्यावर मी ब्रेक दाबला आणि गाडीनं गळा काढला.

"अहो, हे काय?" मंगल दचकली.

"नवीन आहेत, म्हणून."

"नवं बाळ रडतं. नवा ब्रेकबी रडतो व्हय?"

मागून ऋतुजा माझ्या कानाशी आली. "पप्पा," ती कुजबुजली, "तिसरं खोकं?"

मी आरशात बघून मान हलवली. तिनं डोळे मिटले आणि आजीसारखीच वरची दांडी धरली.

गल्लीत ब्रेक मारायला कारणं मिळतात. शेळ्या असतात, गतिरोधक असतात, ओळखीची माणसं असतात. पण येडशीच्या दिशेला लागल्यावर रस्ता असा रुंद आणि रिकामा, की ब्रेक मारायला निमित्तच उरेना! पॅड गार पडत चाललेत हे मला पायाला जाणवत होतं. तेवढ्यात डावीकडं मारुतीचं देऊळ दिसलं. मी कचकन ब्रेक मारला, गाडी हळू केली आणि एक हात कपाळाला लावला.

मंगलनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"जावईबापू!" मामींचा आवाज भरून आला. "लगीन झाल्यापासनं वाट बघत हुते म्या. देव आठवला एकदाचा तुमास्नी!"

मग पुढं म्हसोबा आला. ब्रेक, नमस्कार! मग लक्ष्मीआई. ब्रेक, नमस्कार! मागच्या ट्रकवाल्यानं आम्हाला ओलांडताना खिडकीतून हात काढून जे ऐकवलं तो आशीर्वाद नव्हता. ऋतुजाच्या एव्हाना सगळं ध्यानात आलं होतं, आणि शर्यत तिचीच होती. ती मागून टेहळणी करायला लागली.

"पप्पा, उजवीकडं पीरसाहेब!"

"पप्पा, लिंबाखाली शेंदूर दिसतोय!"

मामी प्रत्येकाला दोन्ही हात जोडत होत्या. हात जोडायला दांडी सोडावी लागते, त्यामुळं त्या घाबरायचंच विसरल्या. मी इतका तल्लीन झालो, की एका पिवळ्या डोक्याच्या दगडालाही ब्रेक मारून नमस्कार केला.

"पप्पा, तो किलोमीटरचा दगड आहे."

"असू दे गं," मामी म्हणाल्या. "भाव मोठा."

मंगल मात्र नाक वर करून हुंगत होती. "कायतरी जळतंय."

"देवळातला धूप असंल, मम्मी."

"किलोमीटरच्या दगडाला कोण धूप घालतंय?"

तोवर ब्रेक खरोखरच उत्तम लागत होते. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात मामींनी निर्णय दिला. "असं पळत्या गाडीतनं हात जोडणं बरं न्हाय. आता देऊळ आलं, की उतरून दर्शन घ्यायचं!"

झालं! प्रत्येक देवळापुढं गाडी उभी. मामी चपला काढणार, प्रदक्षिणा घालणार, पुजाऱ्याला 'तुमचं गाव कोणतं, पोरंबाळं किती' विचारणार. तिकडं माझी पुण्याई वाढत होती आणि इकडं पॅड गार होत होते. भक्तीनं माणसाची गती कमी होते म्हणतात. माझ्या बाबतीत उलटं चाललं होतं.

येरमाळ्याला पोचलो तेव्हा गर्दी होती. दर्शनाच्या रांगेत मंगल आणि मामी पुढं, मी आणि ऋतुजा मागं.

"पप्पा, मी मम्मीला सांगून टाकू का?" ती म्हणाली. "नाही गेले या वर्षी तर काय होतंय? तुमचा चेहरा बघवत नाही मला."

खरं सांगतो, मला क्षणभर एकदम हलकं वाटलं. पोरगी जाणार नाही! कठड्याबाहेर उभं राहायला नको. आणि मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली. ती शर्यतीबद्दल बोलायची तेव्हा तिचे हात हवेत गिअर टाकायचे. आता ते ओढणीचं टोक गुंडाळत होते. तिला थांबवायचं साधन शोधत मी दुकानात गेलो होतो. ते मला सापडलं होतं, आणि ते म्हणजे माझा पडलेला चेहरा होता.

"आधी घरी तर पोचू," मी म्हणालो. देवीपुढं उभा राहिलो तेव्हा मात्र त्या दिवसातला पहिला खरा नमस्कार झाला.

दर्शन झालं, नैवेद्य झाला, सावलीत बसून चिवडा झाला. मग सगळे गाडीत बसलो. गाडी उतारावर लावलेली, आणि उताराच्या टोकाला हळदी-कुंकवाचं दुकान. चार बांबू, वर कापड, फळीवर कुंकवाच्या लालभडक राशी. मी गाडी सुरू केली, उतारावर सोडली आणि ब्रेक दाबला. अर्ज पोचला, विचार सुरू झाला.

"अहो!" मंगल ओरडली.

"अवो दादा! दादा! दादा!" दुकानातली बाई ओरडली.

मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा. हँडब्रेक नावाची वस्तू जगात असते हे मी साफ विसरलो होतो. ऋतुजा विसरली नव्हती. मागून दोन सीटच्या मधून तिचा हात आला आणि तिनं तो एका झटक्यात वर ओढला. गाडी थांबली. अगदी अलगद, बांबूला नुसती टेकून. पण बांबूनं ते मनाला लावून घेतलं. तो वाकला, फळी कलली आणि सगळ्या राशी सावकाश, एकामागून एक, आमच्या बॉनेटवर आणि काचेवर आल्या. गाडीत लाल अंधार झाला.

कुणाला काही लागलं नव्हतं. पण मला आठवली ती अट. मंगल मागं वळली, ऋतुजाही बाजूला बघायला लागली. मामी डोळे विस्फारून त्या लाल काचेकडं बघत होत्या.

"मामी," मी चाचरत विचारलं, "घाबरलात का?"

"घाबरू कशाला?" मामींनी हात जोडले. "आई येडेश्वरीनं गाडीचा मळवट भरलाय! कपाळभर कुक्कू लावलंय बघा! अन् येवढ्या देवास्नी हात जोडत आलोय आपण, भ्यायचं काय काम?"

बाहेर उतरलो तर दोन-चार माणसं गाडीला हात जोडून उभी. एकानं विचारलं, "नवीन घेतली व्हय?" दुकानातली बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "देवीनं न्हाय, ह्या दादानं भरलाय मळवट. आता माझ्या मालाचं बघा!" तिचा सगळा माल मी विकत घेतला. आमच्या कॉलनीला आता बरीच वर्षं कुंकू विकत घ्यावं लागणार नाही.

गाडी येरमाळ्यातल्या एका गॅरेजच्या दारात ठेवून आम्ही एसटीनं परतलो. मामींनी नेहमीप्रमाणं डोळे मिटले. ऋतुजानं आईला सगळं सांगितलं. नख, खोकं, पॅड, देवळं.

"मला मारुतीपाशीच कळलं हुतं," मंगल खिडकीबाहेर बघत म्हणाली. "देवळाला हात जोडणारा माणूस माझा नवरा न्हाय."

बुधवारी मधलं खोकं आलं. ऋतुजानं स्वतः येरमाळ्याला जाऊन, समोर उभं राहून पॅड बसवून घेतले आणि गाडी दारात आणून रांगोळीच्या अलीकडं थांबवली. न किंचाळता! संध्याकाळी चहा घेताना मी धीर करून विचारलं, "मग, पोरीच्या शर्यतीचं काय ठरवलंस?"

मंगलनं कप खाली ठेवला.

"जाऊ द्या तिला," ती म्हणाली. "तिथं समोरून कुणी येत न्हाय, वाटंत कुणाचं दुकान न्हाय, अन् गाडी तुम्ही चालवणार न्हाय. एवढी सुरक्षित जागा आपल्या आख्ख्या जिल्ह्यात न्हाय!"