भुवईवरचा निळा वण

इड्रिस प्रॉसरच्या डाव्या भुवईवर निळा वण होता. खाणीत दगड लागला, जखमेत कोळशाची भुकटी राहिली आणि कातडी तिच्यावरून मिटली. आमच्या वेल्सच्या खोऱ्यात असे वण घरोघरी. पण कोयत्यासारखा वाकडा, त्याचा एकट्याचाच. आणि काय धावायचा पोरगा! चेंडू त्याच्या हाती आला की गाणारं अख्खं मैदान श्वास रोखायचं.

आमची रग्बी पंधरा जणांची, बिनपैशाची. इंग्लंडच्या उत्तरेला तेरा जणांची, पगारी. तिकडे एकदा खेळताना दिसलात की इकडचं मैदान, क्लब, क्लबातला चहासुद्धा जन्मभर बंद. इड्रिसचे वडील टुडर त्याच मैदानाचे राखणदार.

म्हणून चाचणीच्या सामन्यात तिकडचे लोक इकडून आलेल्या पोराला खोटं नाव देत. जमलं तर करारावर सही, नाहीतर मुकाट घरी.

मार्चमध्ये एका दुपारी इड्रिस माझ्याकडे आला.

"काका, शनिवारी जातोय. नाव न्यूमन."

"नाव झाकलं रे. भुवईचं काय?"

"म्हणून तर आलो. तुम्ही नाटकात म्हाताऱ्याचा तरुण करता."

"तो मागच्या रांगेतून तरुण दिसतो, गाढवा!"

तो खळखळून हसला. माझं हसू विरलं. उघड्या खिडकीबाहेर, समोरच्या फुटपाथवर क्लबचे चिटणीस हेडन पॅरी वाकून बुटाची नाडी बांधत होते. फार वेळ बांधत होते.

मी त्याला रंगाची कांडी दिली, वर पावडर कशी थापायची ते शिकवलं. चाळीस वर्षं दिव्यांच्या धगीत तो रंग टिकला होता. "हलायचा नाही," मी छातीठोक सांगितलं. रंगमंचावर पाऊस पडत नाही, हे ध्यानातच आलं नाही.

सोमवारी उत्तरेचं वर्तमानपत्र क्लबच्या टेबलावर उघडं होतं. फोटोत न्यूमन, अंगभर चिखल, कपाळ मात्र पावसानं लख्ख धुतलेलं. भुवईवर कोयता.

पॅरींनी ते टुडरपुढे सरकवलं. "ओळखतोस याला?"

टुडरनं चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "नाही बुवा."

"छान. मग तुला वाईट वाटायचं कारण नाही."

त्यांनी भिंतीवरचा, इड्रिस असलेला संघाचा फोटो उतरवला.

संध्याकाळी मला इड्रिसचं पत्र मिळालं. 'काका, इथं मन लागत नाही. सही करत नाही. शुक्रवारी घरी येतोय. बाबांना सांगा.'

मलाच त्याला उलट तार करावी लागली: फोटो छापून आलाय, इकडचं दार बंद. त्यानं सही केली. अकरा वर्षं तिकडे खेळला, नाव काढलं म्हणतात. मी पाहायला गेलो नाही; धीर झाला नाही.

टुडर गेला तेव्हा अंत्यविधी उरकून चॅपलमधून सगळे क्लबात चहाला आले. इड्रिस काळ्या कोटात फाटकाबाहेर थांबला. मी कप घेऊन बाहेर गेलो.

त्यानं भुवईवर बोट ठेवलं. "कांडी आणलीत का, काका?"

आत मंडळींनी टुडरचं आवडतं भजन उचललं. इड्रिसनं बाहेरूनच खालचा सूर धरला, बापासारखाच. आतले आवाज एकेक करून अडखळले.

हेडन पॅरी उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.