गच्चीवरचे युद्धनृत्य

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा फिलिपिनो अभियंता मानेसरच्या कारखान्यात काम करतो. लिफ्टपाशी भेटला की नमस्काराऐवजी "अंकलजी, खाना खाया?" असे विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत दार धरून ठेवतो. अशी सलगी मला आवडत नाही. तरीही मी उत्तर देतो.

गेल्या रविवारी सकाळी तो आमच्याकडे धापा टाकत आला. त्याच्या गावच्या उत्सवात युद्धनृत्य असते आणि प्रत्येक घराने एक नर्तक द्यायचा असतो. ज्या घराचा नर्तक येत नाही, त्या घराची रांगेतली जागा कायमची जाते. यंदा वडिलांचे गुडघे निकामी झाले होते. गावच्या प्रमुखाने मुलाला मोबाईलच्या व्हिडिओ कॉलवरून नाचण्याची सवलत दिली, पण ताल रेकॉर्ड केलेला नको, नर्तकाजवळ हजर असलेल्या माणसानेच धरावा, अशी अट घातली.

गच्चीवर त्याने मोबाईल टाकीला टेकवला. ढाल म्हणून आमचा पोळपाट घेतला, भाला म्हणून पडद्याचा दांडा. मी परात वाजवू लागलो. तो थांबला.

"अंकलजी, परेड नहीं, लड़ाई!"

सैन्यात मी तीस वर्षे एकाच तालावर पावले टाकली होती. ती विसरून हात मोकळा सोडला. मग तो असा झेपावला की टाकीवरची कबुतरे उडाली आणि मी उभा राहून परात बडवू लागलो.

नाच संपताच प्रमुख काही बोलला. ते ऐकून हा ओरडलाच, "जगह बच गई! पूछ रहे हैं, बजानेवाला किस घर का है?"

"बोल, तेरे ही घर का," मी म्हणालो.