आत्याला त्या दिवशी काम होतं

मिलूदा आत्याने परदेशी सरकारचा फोन दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला आणि ओरडली, "मला कसलंही बक्षीस नकोय, आणि माझ्या कार्डाचा नंबर तर मुळीच मिळणार नाही!"

मग त्या फोनवाल्या बाईने कुठूनतरी माझा नंबर मिळवला. मी केनित्रा शहरातल्या शाळेत फ्रेंच शिकवते. बाई राजधानी राबातमधल्या एका दूतावासातून बोलत होती. बायकांच्या हक्कांसाठी हिमतीने लढणाऱ्या जगभरच्या स्त्रियांचा त्यांचं सरकार दरवर्षी आपल्या देशात बोलावून गौरव करतं, आणि यंदाच्या नऊजणींत माझी आत्या होती. वर्गात परतले तर फळ्यावर मला धड तारीखही लिहिता येईना.

संध्याकाळी गाव गाठलं. आत्या मेंढ्यांना चारा घालत होती.

"हिंमत?" ती म्हणाली. "अगं विआम, मला पालीची भीती वाटते!"

पण हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले.

सेबू नदीकाठची आमच्या जमातीची जमीन सामाईक. शहर पसरत आलं, जमीन बांधकामांत गेली आणि बदल्यात घरांसाठी भूखंड मिळू लागले, पण फक्त पुरुषांना. मिसरूडही न फुटलेल्या पोरांना भूखंड मिळाले आणि नवरा वारल्यावर माहेरी परतलेली आत्या पत्र्याच्या खोलीत राहिली. भर सभेत ती उठली. "आमच्या बापाला तीन पोरं. दोन मुलगे नि मी. मी काय वाटेत सापडले होते?"

पुरुष खो खो हसले. आत्याला लिहिता येत नव्हतं. तिने घरोघर फिरून अर्जावर स्वतःसकट एकेचाळीस बायकांचे अंगठे घेतले. राबातच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या सहा वर्षं झिजवल्या. चहाच्या दुकानात लोक माझ्या वडिलांना चिडवायचे, "काय बूश्ता, तुझ्या घरात पागोटं कोण बांधतं?" तेव्हापासून वडिलांनी सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं. दोघांच्या घरांमध्ये निवडुंगाचं एक कुंपण, एवढंच अंतर.

शेवटी सरकारचा आदेश आला: बायकांनाही बरोबरीचा वाटा. एकेचाळीसजणींची नावं यादीत चढली. आता फक्त चिठ्ठ्या काढून या बायकांना आणि उरलेल्या पुरुषांना कोणता भूखंड ते ठरायचं होतं.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. आत्याने विमानात कोणता पायघोळ जलाबा घालावा यावरून बायकांत भांडणं झाली. हद्दूम म्हातारीने हिरवा आणला, "माझ्या लग्नातला आहे, डाग पाडू नकोस." पासपोर्ट झाला, तिकिटं झाली. सोबत मी जाणार होते.

आणि जमातीच्या जमिनीचा कारभार बघणाऱ्या नायबाने चिठ्ठ्यांची तारीख जाहीर केली. तोच गुरुवार, ज्या दिवशी सोहळा होता. जो स्वतः हजर नसेल त्याचा हक्क गेला!

मी नायबाकडे धावले. तो मिशीत हसला. "तारीख वरून आली. तुझी आत्या आता मोठी माणूस झाली, तिला कशाला हवी दीड वीत जमीन?"

आत्याने ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "त्या बाईला कळव, गुरुवारी मला काम आहे."

"आत्या, तिथे मंत्री येणार आहेत!"

"येऊ देत की. मी नसले तर बाकीच्याही बिचकतील. नायबाला तेच हवंय."

दूतावासातल्या बाईने फोनवर कारण दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "असं याआधी कुणीच सांगितलं नव्हतं."

गुरुवारी सकाळी मशिदीपुढच्या मैदानात एकेचाळीस बायका ओळीने बसल्या. हिरवा जलाबा घातलेली आत्या सगळ्यांत पुढे. सरकारी अधिकारी चिठ्ठ्यांचं मडकं घेऊन आला. पहिलंच नाव आत्याचं. ती उठली तोच नायब म्हणाला, "थांबा! ही बाई जमातीतलीच, याला घरच्या पुरुषाची साक्ष हवी."

"असा नियम कुठाय?" मी ओरडले.

अधिकारी कागद चाळू लागला. मैदानात कुजबूज वाढली, मागे दोघीतिघी उठून निघायला लागल्या.

तेवढ्यात पुरुषांच्या घोळक्यातून वडील पुढे आले. तोंड रागाने लाल झालेलं.

"साक्ष हवी? घे साक्ष! ही माझी थोरली बहीण. लहानपणी मला पाठीवर घेऊन हिने नदी ओलांडलीय. आणि नायब, तुझी आई जमातीतली होती का, हे आधी सांग!"

हशा पिकला, निघालेल्या बायका परत बसल्या. अधिकाऱ्यालाही हसू आवरेना. "असा नियम नाही," तो म्हणाला. "चला, चिठ्ठी काढा."

आत्याने मडक्यात हात घातला. तेवीस नंबर, विहिरीजवळचा कोपरा! हद्दूमने अशी काही किलकारी मारली की मशिदीवरची कबुतरं उडाली. मग प्रत्येक चिठ्ठीला तसाच गलका. सगळ्याजणींना भूखंड मिळाले. वडिलांचा निघाला खडकाळ. ते आत्याकडे बघून गुरगुरले, "खूश झालीस ना?" सहा वर्षांनी तिच्याशी बोललेले पहिले शब्द.

"खूश आहे रे बूश्ता," ती म्हणाली. "चल, मेलवीच्या पोळ्या टाकते, गरम गरम खा."

तीन आठवड्यांनी राजदूत स्वतः गावी आल्या. त्यांनी तेवीस नंबरवर उभं राहून आत्याच्या गळ्यात पदक घातलं आणि दुभाष्याने टाळ्यांच्या गजरात त्यांचं भाषण गावाच्या बोलीत सांगितलं. मग ते पदक एकेक करत सगळ्याजणींच्या गळ्यात फिरलं, प्रत्येकीला फोटो हवा होता. त्या देशाचं नाव मात्र आत्याला अजून नीट उच्चारता येत नाही.

परवा नदीपलीकडच्या जमातीच्या पाच बायका तिच्या दारात आल्या, बावरलेल्या. आत्याने त्यांना आत बसवलं, पुदिन्याचा चहा ओतला आणि विचारलं, "आधी सांगा, तुमच्यात अंगठा द्यायला तयार अशा कितीजणी आहेत?"