सवतीचा श्वास

मला मूल झालं नाही, म्हणून आमच्या ह्यांनी कडावच्या घरात दुसरी आणली. मी तिच्यावर जळत होते आणि ते लपवतही नव्हते. मला ताप आला तर हे आधी बैलांना पाणी दाखवायचे, मग मला विचारायचे. धाकटी नुसती शिंकली तरी हातातलं टाकून धावत.

त्या थंडीत शेतात पोपटी लावली होती. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा धाकटीने गळ्यापर्यंत खाल्ल्या. हे सोलून देत होते, मग का नाही खाणार! घरी येऊन ती आडवी झाली आणि एकाएकी तिचा श्वास अडला. ओकाऱ्या यायच्या, पण बाहेर काही पडेना. ओठ निळे पडले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हिचीच नजर लागली हाय. आता हिलाच काढू दे."

मी मीठमिरच्या ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या. दृष्ट लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. इथे तर सासूबाईच खोकत अंगणात पळाल्या. मी निर्दोष सुटले, पण धुराने धाकटीचे डोळे फिरले. मी निखारे बाहेर भिरकावले आणि तिला उठवून माझ्या छातीशी टेकवून बसवलं. तशी थोडी हवा आत गेली.

"बाय, सोडू नको गं मला."

कर्जतपर्यंत गाडीत तशीच धरली. हे बैल हाकताना सारखे वळून बघत होते, तिच्याकडे. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या, त्याचं कोणाला काय!

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून ऐकलं, तर आत पोटासारखी गुडगुड. ते चकित झाले. "पोट छातीत चढलंय. फुप्फुस दबलंय." तोंडातून रबरी नळी पोटापर्यंत घातली, तसा कोंडलेला वारा सूं करत निघाला आणि तिच्या ओठांवर रंग आला. पुढचा इलाज मुंबईला, चिरफाड करून. त्याला घरात कोणी धजेना. मग थोडंथोडं खायचं आणि आडवं झोपायचं नाही, एवढंच ठरलं.

गोधड्यांच्या टेक्यावर तिचा विश्वास नव्हता. माझ्या छातीशी टेकल्याशिवाय तिला झोप येईना. आम्ही दोघी माजघरात आणि हे ओटीवर एकटे. एकदा दारात येऊन म्हणाले, "आज मी धरतो तिला."

"नको," धाकटी डोळे न उघडता म्हणाली. "बायजवळच बरं हाय."

हे तसेच उभे राहिले. तो चेहरा मी लगेच ओळखला. इतकी वर्षं तो माझाच होता.